घरात बुरशी, खर्च कुणाचा? सोलापुरातल्या भाडेकरूंसाठी आणि घरमालकांसाठी

सोलापूर म्हणजे ऊन, धूळ आणि नळाला पाणी कधी येणार याची वाट. इथल्या भिंतींना बुरशी येते असं कोकणातल्या पाहुण्याला सांगितलं तर तो हसेल. पण जुळे सोलापुरातल्या एखाद्या फ्लॅटमधलं कपाट पुढे ओढून बघा, साखर पेठेतल्या जुन्या वाड्याच्या मागच्या खोलीत जा, सप्टेंबरच्या शेवटी विडी घरकुलातल्या घरात डोकवा. काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास हमखास सापडतो. मग ठरलेला वाद सुरू होतो. घरमालक म्हणतात, "तुम्ही खिडक्याच उघडत नाही." भाडेकरू म्हणतात, "तुमचा स्लॅब गळतोय." मधल्या मध्ये डिपॉझिट अडकतं.

या वादात दोन्ही बाजू डागाकडे बघत बसतात. खर्च कुणाचा हे मात्र डागावरून ठरत नाही, ते पाणी कुठून आलं यावरून ठरतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पाणी शोधायचं, मग कराराचा कागद काढायचा, आणि पैशांचं बोलणं सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

कोरड्या गावात ओल येते कुठून

पावसाळा हे एक कारण आहेच. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस साधारण सप्टेंबरात पडतो, म्हणजे जून-जुलैत कोरडी राहिलेली गच्ची परतीच्या पावसात गळायला लागते. ऑक्टोबर २०२० मधल्या अतिवृष्टीत अनेकांना आपल्या स्लॅबची खरी परीक्षा दिसली. पण माझ्या मते सोलापुरातली निम्म्याहून जास्त ओल आभाळातून येत नाही, ती साठवणीतून येते. नळाला रोज पाणी नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे प्रत्येक घरात हौद, गच्चीवर टाकी, न्हाणीत पिंप, स्वयंपाकघरात घागरी आणि बादल्या. पाणी आलं की मोटर लावायची, टाकी भरून वाहेपर्यंत कुणाचं लक्ष नसतं, आणि ते वाहिलेलं पाणी पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कडेनं भिंतीत मुरतं. जमिनीतल्या हौदाला चीर गेली तर पाणी थेट घराच्या पायात.

दुसरं कारण कूलर. एप्रिल-मे महिन्यात खिडक्या-दारं बंद करून कूलर चालवला की खोलीतली हवा दमट होते आणि कोपऱ्यातल्या थंड भिंतीवर, कपाटामागे, गादीखाली बुरशी धरते. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली हवा बाहेर जायला वाट लागते. एक खिडकी चार बोटं उघडी हवीच. तिसरं कारण शहराच्या पूर्व भागातल्या बऱ्याच घरांना लागू पडतं. विडीसाठी तेंदूपानं ओली करून घरातच ठेवली जातात, कापली जातात. लहान खोली, एकच खिडकी आणि कायम ओलं पान, एवढं बुरशीला पुरतं.

बुरशीला फारसं काही लागतही नाही. भिंतीवरचा रंग, पुट्टीतला चिकट भाग, प्लायवूड, कागद, सुती कापड यांवर ती जगते. कमी पडतं ते फक्त पाणी. ओली झालेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी सुरू होऊ शकते. घरातली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहिली तर तिला वाढणं अवघड जातं. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. वाद पेटलेला असेल तर ते घ्याच, कारण नंतर "घर दमट होतं" या वाक्याऐवजी तुमच्याकडे आकडा असतो.

पहिली पायरी: ही बुरशीच आहे ना?

खूप वेळा लोक ज्याला बुरशी म्हणतात तो लोणा असतो. भिंतीच्या खालच्या भागात पांढरी, भुसभुशीत पूड येते, हात लावला की गळते, रंगाचे पोपडे सुटतात. ते क्षार आहेत. जमिनीतलं किंवा विटांमधलं पाणी वर चढतं, वाळतं आणि क्षार मागे ठेवतं. बोअरचं जड पाणी वापरून बांधकाम झालेल्या घरांत हे जास्त दिसतं. ओळखायची सोपी रीत म्हणजे स्प्रेनं थोडं पाणी मारा. लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही, नुसती ओली होते. बुरशीला वास असतो, लोण्याला सहसा नसतो.

हा फरक पैशांसाठी महत्त्वाचा आहे. लोणा म्हणजे भिंतीत पाणी शिरतंय याची जवळजवळ खात्री, आणि भाडेकरूच्या श्वासानं किंवा स्वयंपाकाच्या वाफेनं लोणा येत नाही. तिथं "तुम्ही खिडक्या उघडत नाही" हे म्हणणं टिकत नाही.

दुसरी पायरी: पाण्याचा माग

यावर घाई करू नका. दोन-तीन आठवडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा: आज पाऊस होता का, आज नळाला पाणी आलं का, आज कूलर चालला का, आणि डाग वाढला की तेवढाच. डागाच्या कडेला पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहून ठेवा. ही साधी नोंद प्लंबरच्या अंदाजापेक्षा जास्त सांगते. पाऊस पडल्यावर डाग पसरत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. पाणी आलेल्या दिवशी पसरत असेल तर टाकी, हौद किंवा मुख्य नळाची लाइन. पाऊस असो नसो, नळाला पाणी असो नसो, डाग सतत तसाच ओला असेल तर टाकीपासून घरात येणारा पाइप किंवा वरच्या मजल्याचं न्हाणीघर. आणि फक्त कूलरच्या दिवसांत किंवा थंडीच्या सकाळी कपाटामागे ठिपके येत असतील तर पाणी हवेतलं आहे.

जागेवरूनही कळतं. छताला तपकिरी कड असलेला गोल डाग म्हणजे वरून गळती. जमिनीपासून साधारण कंबरेपर्यंतचा आडवा पट्टा म्हणजे खालून चढणारी ओल. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी उतरणारी ओल म्हणजे चौकटीभोवतीची फट किंवा उलटा उतार असलेला छज्जा. न्हाणीघराच्या मागच्या खोलीतली भिंत फुगली असेल तर टाइल्सच्या सांध्यातून पाणी जातंय.

खात्री करायची असेल तर तीन चाचण्या घरच्या घरी होतात.

फॉइलची चाचणी: डागाजवळचा भाग कापडानं पुसून वाळवा, स्वयंपाकाच्या फॉइलचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक-दोन दिवसांनी काढा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू दमट असेल तर हवेतलं पाणी.

टाकीची चाचणी: रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा, सकाळी कुणी नळ सोडायच्या आत बघा. पातळी उतरली तर टाकीत किंवा टाकीनंतरच्या लाइनमध्ये गळती आहे. आपल्याकडे मीटर बघून गळती शोधायची पद्धत फारशी चालत नाही, कारण पुरवठाच सलग नाही. टाकीची खूण जास्त भरवशाची.

गच्चीची चाचणी: पावसाळी पाइपचं तोंड कापडाच्या गोळ्यानं बंद करून गच्चीवर बोटभर पाणी चोवीस तास उभं ठेवा. ही चाचणी मालकाला विचारूनच करा, आणि जुन्या धाब्याच्या घरावर अजिबात करू नका. माती-लाकडाचं माळवद पाण्याचं वजन पेलेलच असं नाही.

तिसरी पायरी: तुमच्या हातात कोणता कागद आहे?

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. सोलापुरात भाड्याची दोन वेगळी जगं आहेत. एक, पेठांमधले जुने भाडेकरू, पिढ्यान् पिढ्या राहणारे, भाडं शंभर-दोनशे रुपये. दोन, होटगी रोड, विजापूर रोड, शेळगी, बाळे या बाजूचे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे. दोघांना रोजच्या बोलण्यात भाडेकरूच म्हणतात, पण कायद्यानं दोघांचं स्थान एक नाही.

जुन्या अर्थानं जो भाडेकरू आहे त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ लागू होतं. भाडेकरूनं वेगळं काही कबूल केलेलं नसेल तर घर चांगल्या, राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं हे मालकावर बंधनकारक आहे. मालकानं दुर्लक्ष केलं तर किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झालं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. भाडं महिना ८,००० असेल तर वर्षाचे ९६,००० आणि मर्यादा २४,०००. पण भाडं महिना १०० रुपये असेल तर वर्षाला फक्त ३०० रुपये. तीनशे रुपयांत आज गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरीही भागत नाही. म्हणून पेठेतल्या जुन्या वाड्यांत कलम १४ कागदावर भक्कम आणि व्यवहारात लंगडं आहे. तिथं मालक आणि सगळे भाडेकरू एकत्र बसून खर्चाची वाटणी लिहून काढणं हाच खरा मार्ग, कितीही नकोसा वाटला तरी.

लिव्ह अँड लायसन्सवाल्याचं तसं नाही. कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू नव्हे, परवानाधारक. कलम १४ त्याच्यासाठी लिहिलेलं नाही. त्यामुळे नोटीस देऊन परस्पर भाडं कापायला गेलात तर अडचणीत याल. त्याची ढाल म्हणजे करार. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम ५७ मात्र त्याच्या कामाला येतं: जागेत धोकादायक दोष आहे हे मालकाला ठाऊक असेल आणि परवानाधारकाला ठाऊक नसेल तर तो आधी सांगणं मालकावर बंधनकारक आहे. भाडेपट्ट्यासाठी असाच नियम मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये आहे. गळका स्लॅब ताज्या रंगाखाली झाकून घर दाखवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

करार नोंदवलेला नसेल तर? भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदवला नाही तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणजे झालं, हा समज आपल्याकडे फार पक्का बसला आहे आणि तो चुकीचा आहे.

आता खर्चाची वाटणी

गच्चीची गळती, बाहेरच्या भिंतीच्या भेगा, पायातून चढणारी ओल, भिंतीत गाडलेला फुटका पाइप, न्हाणीघराचं मुळातलं वॉटरप्रूफिंग: हे मालकाचं. करारात "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी" असं लिहिलेलं असलं तरी स्लॅब किरकोळात येत नाही. नळाचा वॉशर, गळकं फ्लश, तुंबलेली मोरी हे राहणाऱ्याचं. केंद्रानं २०२१ साली मंजूर केलेल्या नमुना भाडेकरू कायद्यात अशीच यादी आहे. तो नुसता नमुना आहे, राज्यानं स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही; पण करार लिहिताना त्यातली वाटणी उचलायला कुणाची हरकत नाही.

राहणाऱ्याच्या वागण्यानं आलेली बुरशी राहणाऱ्यानंच निस्तरायची. बंद खोलीतला कूलर, खोलीत वाळत घातलेले ओले कपडे, दिवसभर भिजवलेलं पान, टाकी वाहू देणं, आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे गळती दिसूनही चार महिने न सांगणं. न सांगितल्यामुळे जे वाढीव नुकसान झालं त्याचा वाटा भाडेकरूकडे मागणं मला अन्यायाचं वाटत नाही. पण इथंही एक उलटतपासणी करा. न्हाणीघराला खिडकीच नाही, एक्झॉस्टला जागा नाही, स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीला टेकलेली आहे, अशा घरात वाफ साठणारच. मग ती राहणाऱ्याची चूक म्हणता येत नाही, घराची रचनाच तशी आहे. अशा वेळी मालकानं एक्झॉस्ट बसवावा आणि भाडेकरूनं तो वापरावा.

फ्लॅट सोसायटीत असेल तर तिसरा पक्ष येतो. गच्ची, बाहेरच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइन, पावसाच्या पाण्याची गळती ही आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीची जबाबदारी. फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकची गळती त्या फ्लॅटच्या सभासदाची. म्हणजे वरच्या मजल्यावरून तुमच्या छताला ओल येत असेल तर खर्च वरच्या सभासदाचा. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, म्हणून सेक्रेटरीकडे अर्ज मालकाच्या सहीनं जायला हवा. भाडेकरूनं स्वतः जाऊन वरच्या काकूंशी भांडण काढू नये.

चौथी पायरी: सांगणं, आणि सांगितल्याचा पुरावा

पहिला निरोप तोंडी द्या, हरकत नाही. सोलापुरात घरमालक अण्णा किंवा काका असतात आणि पहिल्याच दिवशी वकिलाची नोटीस आली तर संबंध संपतो. पण त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहूनही टाका. मजकूर साधा ठेवा, आरोप नको:

"नमस्कार काका. मागच्या खोलीत छताला खिडकीच्या बाजूने ओल आली आहे, काळे डागही दिसतात. पाऊस झाला की वाढते. फोटो पाठवले आहेत. या रविवारी गवंड्याला घेऊन येऊन बघाल का? तोवर आम्ही कपाट भिंतीपासून लांब केलं आहे."

शेवटचं वाक्य विसरू नका. नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही काहीतरी केलंत हे त्यातून दिसतं. फोटो काढताना एक जवळून, एक खोलीच्या दारातून, आणि एक डागाशेजारी मोजपट्टी धरून. चॅट खोडू नका, फोन बदलताना बॅकअप घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा प्रमाणपत्र जोडून न्यायालयात देता येतो, पण त्यासाठी मूळ चॅट जागेवर असायला हवी.

मग दोघांनी मिळून पाहणी. मालकाला आधी सूचना देऊन योग्य वेळी घर बघण्याचा हक्क कायद्यानेच आहे. भाडेकरूनं तो अडवू नये आणि मालकानं न सांगता किल्ली लावून आत येऊ नये. गवंडी एकट्या मालकाचा किंवा एकट्या भाडेकरूचा नको, दोघांसमोर बोलणारा हवा. तो जे कारण सांगेल ते तिथंच कागदावर दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. बोलणी झाली तरी सही टाळली जाते, आणि पुढे सगळं तिथंच अडतं.

पाचवी पायरी: नोटीस

महिनाभर नुसतं "बघतो, करतो" चाललं असेल तर लेखी नोटीस. वकील असलाच पाहिजे असं नाही. तारीख, दोघांची नावं-पत्ते, घराचा तपशील, ओल पहिल्यांदा कधी दिसली, कधी कधी कळवलं, कोणती दुरुस्ती हवी आणि पंधरा दिवसांची मुदत, एवढं पुरे. जुना भाडेकरू असाल तर कलम १४ चा उल्लेख करा. लायसन्सवर असाल तर कराराच्या ज्या कलमात देखभालीचं लिहिलं आहे त्याचा क्रमांक द्या. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचीचा पुरावा जपा. रजिस्टर पोस्टाची वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच सामावली आहे, त्यामुळे खिडकीवर "रजिस्टर एडी" मागून गोंधळ नको.

मुदत संपूनही काही झालं नाही तर जुन्या भाडेकरूनं दुरुस्ती करून घ्यावी, प्रत्येक पावती आणि हिशेब ठेवावा, आणि वर सांगितलेल्या मर्यादेत रक्कम वळती करावी. कायद्यात या हिशेबाला आणि पावत्यांना मोठं वजन आहे, म्हणून हातपावतीवर भागवू नका. लायसन्सवाल्यानं आधी मालकाची लेखी संमती घ्यावी: "पाइपचे साडेतीन हजार मी देतो, पुढच्या भाड्यात वजा करतो, चालेल ना?" उत्तर "हो चालेल" आलं की काम सुरू.

भाडं पूर्ण बंद करणं हा मात्र पर्याय नाही. राग कितीही येवो. थकबाकी झाली की मुद्दा ओलीचा राहत नाही, थकबाकीचा होतो, आणि घर खाली करून घेण्याचं कारण तुम्हीच हाती देता. तसंच मालकानंही नळ किंवा वीज तोडून वचपा काढू नये. जीवनावश्यक सुविधा तोडायला भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम २९ मनाई करतं.

न्यायालयात जायची वेळ आलीच तर भाड्याचे दावे इथं दिवाणी न्यायालयात चालतात. त्याआधी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दाखलपूर्व तडजोडीसाठी लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता आणि इतरांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळू शकतो. १५१०० या क्रमांकावर फोनवरूनही माहिती मिळते.

महापालिकेकडे तक्रार करावी का, असं पेठेतले लोक नेहमी विचारतात. विचार करून करा. इमारत खरोखर पडायला आली असेल, स्लॅबचे तुकडे पडत असतील, सळ्या दिसत असतील तर जीव आधी, तक्रार कराच. पण नुसत्या ओलीसाठी अर्ज केला आणि पाहणीत वाडा धोकादायक ठरला तर नोटीस दुरुस्तीपुरती थांबेलच असं नाही, घर रिकामं करण्याचीही येऊ शकते. राहण्याचा हक्क कागदावर पक्का करून मगच तो अर्ज द्या.

साफसफाई

पाणी थांबल्याशिवाय घासाघीस व्यर्थ. थांबल्यावर, साधारण दहा चौरस फुटांच्या आतला डाग घरीच काढता येतो. त्याहून मोठा असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ, केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे ठेवा आणि काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्या.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. खोलीचं आतलं दार बंद, बाहेरची खिडकी उघडी, पंखा बंद. कोरड्या झाडूनं किंवा ब्रशनं डाग झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. आधी ओलं करा, मग धुण्याची पावडर घातलेल्या पाण्यानं घासा, स्वच्छ पाण्यानं पुसा आणि वाळवा. टाइल्स, काच, तेलरंग यांवर पातळ ब्लीच चालतं. पण ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र कधीही करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. पोकळ झालेलं प्लास्टर, फुगलेली पुट्टी आणि बुरशी खाल्लेलं प्लायवूड धुऊन वाचत नाही, ते काढून टाकावं लागतं.

कपडे, चादरी, गाद्यांसाठी सोलापूरच्या उन्हासारखं औषध नाही. दोन-तीन दिवस कडक उन्हात, उलटून पालटून.

रंगाची घाई हा घरमालकांचा आवडता शॉर्टकट. ओल्या भिंतीवर "अँटी-फंगल" रंग मारला की तीन महिने चांगले जातात आणि मग पापुद्रे सुटतात. फॉइलची चाचणी पुन्हा करा, भिंतीकडची बाजू कोरडी आली तरच रंगाऱ्याला बोलवा. जुन्या दगडी-चुन्याच्या घरात सिमेंट प्लास्टर आणि प्लास्टिक पेंट चढवण्यापेक्षा चुन्याचा हात परवडतो. चुना अल्कधर्मी असतो, बुरशीला मानवत नाही, आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देतो.

घरमालकांनी पावसाआधी करायचं

गच्चीचं काम मेपर्यंत संपवा. सप्टेंबरात गवंडी मिळत नाही आणि मिळाला तरी ओल्या स्लॅबवर काम टिकत नाही. उन्हाळ्यात कोबा (गच्चीवरचा सिमेंट-काँक्रीटचा थर) केला तर त्याला भरपूर पाणी मारावं लागतं. टंचाईत पाणी वाचवायला गेलात तर कोबा तडकतो, म्हणून टँकरचा खर्च आधीच धरा. पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्याला वाटा घ्या, म्हणजे सिमेंटची गोलसर उतरती कड करा; गळतीची सुरुवात बहुधा तिथूनच होते. पावसाळी पाइपच्या तोंडातला पाला-कचरा काढा. टाकीला चांगला बॉलकॉक बसवा आणि ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीवर न सोडता गच्चीच्या उतारावर किंवा थेट खाली न्या.

करारात चार ओळी वाढवा. उदाहरणार्थ: "छत, बाहेरील भिंती, भिंतीतील पाइप व न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग यांची दुरुस्ती मालक करतील. गळती वा बुरशी दिसल्यास परवानाधारक सात दिवसांत लेखी कळवतील व मालक पंधरा दिवसांत पाहणी करतील. पाहणी न झाल्यास अमुक रकमेपर्यंतची तातडीची दुरुस्ती परवानाधारक करून पावतीप्रमाणे भाड्यातून वजा करतील. कूलर, कपडे वाळवणे, टाकी वाहणे यांमुळे झालेले नुकसान परवानाधारक भरून देतील." ऑनलाइन नोंदणी करणाऱ्या एजंटाचा ठरलेला मसुदा असतो, तो हे आपणहून घालणार नाही. त्याला सांगावं लागतं.

घर सोडताना

रिकाम्या घराचा व्हिडिओ घ्या, प्रत्येक भिंत, कपाटामागची जागा, न्हाणीघराचं छत. घर घेताना घेतलेला व्हिडिओ असेल तर दोन्ही शेजारी ठेवून मालकासमोर बघा. दोन-तीन वर्षांत रंग फिका पडणं, खिळ्याची भोकं, ही नेहमीची झीज आहे. त्यासाठी आख्ख्या घराच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणं रीतसर नाही. स्लॅबच्या गळतीनं आलेल्या डागाचे तर नाहीच. कूलरमागच्या भिंतीचे मागितले तर द्या, पण एका भिंतीचे, कोटेशन बघून. किती कापले आणि कशासाठी, हे एका चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या होईपर्यंत किल्ली देऊ नका, आणि मालक असाल तर उरलेलं डिपॉझिट चेकनं किंवा यूपीआयनं द्या, रोखीनं नको.